व्हिडिओ गेम उद्योग आणि खेळाडूंचे मत : बंगळुरूच्या अनुभवातून

व्हिडिओ गेम हा विषय आपल्याकडे बहुधा दोन प्रसंगी चर्चेला येतो. एखाद्या मुलाच्या अभ्यासावर वा प्रकृतीवर खेळाच्या अतिरेकाचा परिणाम झाला, की पालक आणि शिक्षक त्याविषयी बोलू लागतात. अर्थसंकल्पात किंवा उद्योगधोरणात या क्षेत्राचा उल्लेख आला, की उद्योजक आणि अधिकारी बोलतात. या दोन्ही चर्चांमध्ये प्रत्यक्ष खेळणारी व्यक्ती, म्हणजेच गेमर, क्वचितच बोलताना आढळते. वास्तविक या उद्योगाच्या मालाची सर्वांत जवळून पारख करणारा तोच असतो. कोणता खेळ मन लावून घडविला आहे, कोणता घाईने बाजारात आणला आहे आणि कोणता केवळ पैसे उकळण्यासाठी रचला आहे, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

लुमिकाई या गुंतवणूक संस्थेच्या अहवालानुसार २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारतातील गेमरांची संख्या सुमारे ५९ कोटी होती. त्याच वर्षी या बाजारपेठेचे एकूण उत्पन्न सुमारे ३.८ अब्ज डॉलर होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांचा होता. एवढ्या मोठ्या समूहाचे म्हणणे काय आहे, ते केव्हा ऐकले गेले, केव्हा दुर्लक्षित राहिले आणि त्याचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी बंगळुरू शहर निवडण्याचे कारण असे की, या प्रश्नाचे सर्व धागे तेथे एकत्र येतात. देशातील जुन्या गेमनिर्मिती संस्थांपैकी एक तेथे उभी राहिली, पैशाच्या खेळांच्या मोठ्या कंपन्या तेथे वाढल्या, त्यांच्याविषयीचा महत्त्वाचा न्यायालयीन निर्णय तेथे झाला आणि खेळाच्या आहारी गेलेल्यांवर उपचार करणारे केंद्रही तेथेच सुरू झाले.

खेळणारी पिढी कशी घडली?

१९९० च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडण्याचे संच आले. ‘सामुराई’ या नावाने विकला जाणारा संच आणि त्याच्या कॅसेट आज चाळिशीत असलेल्या अनेकांना आठवत असतील. त्यानंतर संगणक आला आणि त्यापाठोपाठ सायबर कॅफे. बंगळुरूमध्ये एस. पी. रोडवरील दुकानांतून सुटे भाग जमवून संगणक जुळविणे हा महाविद्यालयीन तरुणांचा छंदच झाला. सायबर कॅफेमध्ये तासाप्रमाणे पैसे भरून ‘काउंटर-स्ट्राइक’सारखे सांघिक खेळ खेळले जात.

या काळात खेळांच्या अधिकृत प्रती सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होत्या आणि नकली डिस्क मात्र सहज मिळत. परिणामी खेळ ही मोल देऊन विकत घेण्याची वस्तू आहे, हा संस्कार आपल्याकडे रुजलाच नाही. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि खेळ गावोगावी पोहोचले, तेही प्रामुख्याने ‘विनामूल्य’ स्वरूपात. असा खेळ उतरवून घेण्यास पैसे लागत नाहीत. मात्र पुढे आभासी शस्त्रे, पोशाख किंवा जादा संधी यांसाठी पैसे मागितले जातात किंवा जाहिराती पाहाव्या लागतात. खेळणाऱ्यांची संख्या प्रचंड, पण दरडोई उत्पन्न अल्प, या स्थितीचे एक प्रमुख कारण येथे सापडते.

मोबाइलमुळे खेळणाऱ्यांचे स्वरूपही बदलले. पूर्वी गेमर म्हटले की शहरी घरातील, संगणक बाळगणारा मुलगा डोळ्यांसमोर येई. आज छिंदवाड्याहून आलेली पायल धारे ही युवती खेळाच्या थेट प्रक्षेपणातून देशभर ओळखली जाते.

चित्रे येथील, निर्णय परदेशातील

बंगळुरूमध्ये १९९७ साली राजेश राव यांनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही संस्था स्थापन केली. गेमनिर्मितीला वाहिलेल्या भारतातील सुरुवातीच्या संस्थांपैकी ती एक होय. देशात त्या काळी खेळांना स्वतःची बाजारपेठ नव्हती. त्यामुळे संस्थेने परदेशी कंपन्यांसाठी चित्रकाम आणि त्रिमितीय प्रतिकृती तयार करण्याचा मार्ग स्वीकारला. ‘फोर्झा’ या गाजलेल्या मोटारशर्यतीच्या मालिकेसाठी तिने काम केले. २०१६ मध्ये स्वीडनमधील स्टारब्रीझ कंपनीने या संस्थेतील बहुतांश हिस्सा घेतला आणि २०१९ मध्ये तो सुमारे ७९ लाख डॉलरना रॉकस्टार गेम्सकडे गेला. रॉकस्टारचा बंगळुरूमध्ये आधीपासूनच स्टुडिओ होता. जगभर गाजलेल्या खेळांच्या श्रेयनामावलीत त्यामुळे अनेक भारतीय नावे दिसतात.

रोजगार आणि कौशल्य या दृष्टीने हे यश मोलाचे आहे. तथापि खेळाची कथा, नियम आणि किंमत कोणत्या शहरात ठरते, हा प्रश्न राहतोच. आपल्याच शहरातील कलावंतांनी रंगविलेला खेळ आपण खेळतो. मात्र त्यात आपली भाषा नाही, आपली गोष्ट नाही आणि त्याची किंमत डॉलरच्या हिशेबाने ठरते, ही जाणकार खेळाडूंची जुनी तक्रार आहे. कर्नाटकाने २०१२ मध्ये अॅनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्याही काढल्या. प्रशिक्षण व पायाभूत सुविधा यांवर अशा धोरणांत योग्य भर असतो. परंतु तयार झालेला खेळ येथील खेळाडूला आवडेल काय, हे पाहण्याची व्यवस्थाही तितकीच आवश्यक आहे. पुढील उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

स्वदेशी खेळ आणि खेळाडूंचा कौल

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने ११८ अॅपवर बंदी घातली. त्यांत ‘पब्जी मोबाइल’ हा अत्यंत लोकप्रिय खेळ होता. दोनच दिवसांनी बंगळुरूच्या एनकोअर गेम्स या कंपनीच्या ‘फौजी’ या खेळाची घोषणा झाली. उत्पन्नातील २० टक्के वाटा ‘भारत के वीर’ निधीला देण्याचेही जाहीर झाले. २६ जानेवारी २०२१ रोजी खेळ उपलब्ध झाला, तेव्हा देशाभिमानाने भारलेल्या लक्षावधी लोकांनी तो उतरवून घेतला. आरंभी त्याला साडेचारहून अधिक तारे मिळाले; परंतु काही दिवसांतच ही सरासरी तीनच्या घरात आली.

या घसरणीला काही अंशी पब्जीच्या चाहत्यांचा राग कारणीभूत होता, हे मान्य करावे लागेल. ठरवून कमी गुण देण्याची प्रवृत्ती जगभर आढळते आणि खेळाडूंचे प्रत्येक मत निर्मळ असते, असे मानण्याचे कारण नाही. मात्र अनेक तक्रारी नेमक्या होत्या. खेळात एकट्याने पुढे जाण्याचा एकच प्रकार होता, मित्रांसह खेळण्याची सोय आरंभी नव्हती आणि हालचालींचे नियंत्रण अवघड वाटत होते. ‘देशी असल्यामुळे घेतला, पण चांगला असेल तरच पुन्हा उघडू’ असा या मतांचा एकत्रित अर्थ होता. सांघिक लढतीची सोय त्याच वर्षी पुढे देण्यात आली. याच मालिकेतील ‘फौजी डॉमिनेशन’ हा खेळ २०२५ च्या प्रारंभी आला, तो मात्र सांघिक लढतींवरच आधारलेला होता आणि प्रकाशनापूर्वी त्याची चाचणी आवृत्ती खेळाडूंना खुली करण्यात आली होती.

महाराष्ट्रातील उदाहरणेही या संदर्भात उद्बोधक आहेत. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने पुराणकथांवर आधारित ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ घडविला. २०१७ मध्ये इंटरनेटवरून लोकवर्गणी जमविण्याचा त्यांचा प्रयत्न सफल झाला नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही. २०२० मध्ये खेळ प्रकाशित झाला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. राजस्थानी वास्तुशिल्पाची छाप असलेली त्यातील दृश्ये खेळाडूंना भावली. परंतु झुंजीचा भाग कमकुवत असल्याचे आणि खेळ लवकर संपत असल्याचेही त्यांनी सांगितले. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत झुंजीत सुधारणा करण्यात आल्या आणि हिंदी संवादांची भर पडली. येथे टीका हीच पुढील कामाची यादी ठरली.

याउलट, युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या मालिकेतील एका गाजलेल्या खेळाच्या नव्या आवृत्तीचे काम होते. सप्टेंबर २०२० मध्ये तिची पहिली झलक प्रसिद्ध झाली, तेव्हा चित्रांच्या दर्जावर खेळाडूंनी कडाडून टीका केली. प्रकाशन पुढे ढकलले गेले आणि २०२२ मध्ये हे काम कंपनीच्या माँट्रियल येथील स्टुडिओकडे सोपविण्यात आले. भारतीय संघांना मिळालेली मोठी संधी अशा रीतीने हातची गेली. खेळाडूंपुढे काम लवकर आणि टप्प्याटप्प्याने ठेवण्याची पद्धत अशा वेळी किती उपयोगी पडू शकते, हे यावरून ध्यानात येते.

खेळ आणि जुगार यांतील सीमारेषा

खेळाडूंच्या मताकडे दुर्लक्ष झाल्याने सर्वांत मोठा गोंधळ झाला तो खेळ आणि जुगार यांच्या बाबतीत. गेमरांच्या दृष्टीने हे दोन भिन्न व्यवहार आहेत. एकात कौशल्य वाढते, चुरस अनुभवता येते आणि हरल्यास फक्त वेळ जातो. दुसऱ्यात पैसा लावला जातो आणि हरल्यावर तो परत मिळविण्यासाठी पुन्हा लावण्याचा मोह होतो. बोलताना मात्र दोहोंनाही ‘ऑनलाइन गेमिंग’ हेच नाव मिळाले. त्यामुळे रमीत पैसे घालविणारा आणि सांघिक स्पर्धेचा सराव करणारा असे दोघेही समाजाच्या नजरेत सारखेच ठरले.

कर्नाटकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने या दुरुस्तीतील संबंधित तरतुदी रद्द ठरविल्या. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांत कायद्याने केलेला जुना भेद न्यायालयाने महत्त्वाचा मानला. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशाच्या खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. वाद चालू राहिला तो कौशल्य की नशीब, या कसोटीभोवती. गेमरांची कसोटी याहून सोपी होती : पैसा लावला जातो की नाही?

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी सात नामवंत गेमरांशी संवाद साधला. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रात्यक्षिक स्वरूपात झालेल्या ई-स्पोर्ट्समध्ये कांस्यपदक मिळविणारे तीर्थ मेहता, मिथिलेश पाटणकर आणि पायल धारे त्यांत होते. गेमिंग आणि जुगार यांत फरक केला जावा, हा मुद्दा या संवादात पुढे आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्याने ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि ऑनलाइन मनी गेम असे स्पष्ट वर्ग केले. पहिल्या दोहोंना उत्तेजन द्यावयाचे. तिसऱ्यावर, तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंदी, असे त्याचे सूत्र आहे. असे खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या खेळांमुळे सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी २० हजार कोटी रुपयांच्या आसपास गमावतात, असा शासकीय अंदाज त्या वेळी मांडण्यात आला होता.

या निर्णयाची दुसरी बाजूही आहे. बंगळुरूतील मोबाइल प्रीमियर लीग या कंपनीने भारतातील सुमारे ६० टक्के कर्मचारी कमी करण्याचे ठरविल्याच्या बातम्या त्याच महिन्यात आल्या. कायद्याला कर्नाटकासह अन्य उच्च न्यायालयांत आव्हान देण्यात आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या याचिका स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. घर सावरणारा पालक आणि नोकरी गमावणारा तंत्रज्ञ एकाच शहरात राहतात, याचे भान ठेवूनच या विषयाकडे पाहिले पाहिजे.

पैसे न लावता स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यांनाही अनिश्चिततेची झळ बसली आहे. पब्जीच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ २८ जुलै २०२२ रोजी अॅपच्या दुकानांतून काढण्यात आला आणि मे २०२३ मध्ये परत आला. काही दिवसांपूर्वीच त्याची स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखविली गेली होती. ज्या तरुणांनी या खेळाला व्यवसाय मानले होते, त्यांची कमाई सुमारे दहा महिने अडचणीत आली. देशाच्या सुरक्षिततेपुढे खेळ गौण असतो, याविषयी दुमत नाही. मात्र निर्णयाची कारणे आणि संभाव्य कालावधी कळावा, ही त्यांची अपेक्षा रास्त होती.

छंद की विकार?

पालकांची चिंता अर्थातच निराधार नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी ‘शट’ क्लिनिक सुरू केले. भारतातील अशा स्वरूपाचे ते पहिले केंद्र मानले जाते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग विकार’ समाविष्ट झाला आणि ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

या व्याख्येत तासांची मोजदाद नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, अन्य सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, अशी तीन लक्षणे त्यात सांगितली आहेत. त्यांमुळे अभ्यास, काम किंवा कौटुंबिक जीवन गंभीरपणे बिघडलेले असावे आणि ही स्थिती साधारणपणे १२ महिने टिकलेली असावी, अशी अपेक्षा असते. बहुसंख्य खेळाडू या व्याख्येत बसत नाहीत. ‘आम्ही खूप खेळतो, म्हणून आजारी नाही,’ हे त्यांचे म्हणणे शास्त्राशी सुसंगत आहे. त्याचबरोबर जो खरोखर अडकला आहे, त्याला खेळातून काय मिळते, हे विचारावे लागते. कोणाला मित्र मिळतात, कोणाला मान मिळतो, तर कोणाला घरातील ताणापासून सुटका. केवळ मोबाइल काढून घेतल्याने ही गरज नाहीशी होत नाही. उपचाराची सुरुवातही अशा रीतीने खेळाडूचे ऐकून घेण्यातूनच होते.

खेळाडू हा ग्राहकही आहे

खेळाडूंच्या तक्रारींपैकी मोठा भाग ग्राहकहक्काचा असतो. पैसे मोजणाऱ्यालाच जिंकणे सोपे व्हावे, अशी खेळाची रचना ही त्यांपैकी पहिली. दुसरी तक्रार ‘लूट बॉक्स’विषयी. पैसे देऊन बंद पेटी विकत घ्यायची, परंतु आत काय निघेल हे नशिबावर सोडायचे, असा हा प्रकार आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळातील अशा व्यवस्थेवर जगभरातील खेळाडूंनी संताप व्यक्त केला, तेव्हा प्रकाशनाच्या तोंडावर कंपनीला खेळातील खरेदी थांबवावी लागली. २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामकांनी अशा पेट्यांना जुगार ठरविले. खेळाडूंनी आधी ओळखलेली गोष्ट कायद्याने नंतर मान्य केल्याचे हे उदाहरण आहे.

तिसरी तक्रार, विकत घेतलेला खेळ कंपनीने बंद करण्याची. ‘द क्रू’ हा शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाल्याने पैसे मोजलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. त्यातून सुरू झालेल्या मोहिमेने युरोपीय नागरिक उपक्रमासाठी जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळविल्या. भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालील नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना मनाई करतात. खोटी घाई निर्माण करणे किंवा सदस्यत्व रद्द करणे अवघड करून ठेवणे हे त्यांतील काही प्रकार आहेत. खेळांतील खरेदीलाही ही तत्त्वे लावून पाहिली पाहिजेत. त्यासाठी गेमरांनी आपली गाऱ्हाणी मित्रांपाशी न ठेवता ग्राहक यंत्रणेकडे नेली पाहिजेत.

पुढील वाटचाल

केंद्र शासनाच्या २०२२ च्या कृतिदलानंतर या क्षेत्राला निश्चित दिशा मिळाली आहे. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था उभी राहत आहे. २०२५ च्या कायद्यात नियामक प्राधिकरणाची तरतूद आहे. या व्यवस्थेत खेळाडूंच्या मताला स्थान देण्यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. खेळांचे वर्गीकरण करताना निर्मात्यांबरोबर अनुभवी खेळाडू, पालक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचेही म्हणणे नोंदवावे. बंद पेटीतून कोणती वस्तू मिळण्याची शक्यता किती, हे छापील किमतीप्रमाणे स्पष्ट सांगणे बंधनकारक असावे. सशुल्क खेळ बंद करण्यापूर्वी पुरेशी सूचना दिली जावी. शासकीय साहाय्य घेणाऱ्या खेळांची चाचणी मराठी, कन्नड आदी भाषा बोलणाऱ्या, साधा मोबाइल वापरणाऱ्या खेळाडूंकडूनही करून घ्यावी. अभ्यासक्रमांतही खेळ घडविण्याच्या तंत्राइतकेच खेळाडूचे ऐकण्याचे शिक्षण दिले जावे.

खेळाडूंचे मत नेहमीच बरोबर असते, असे नाही. त्यात आवेश असतो, पक्षपात असतो. कधी अश्लाघ्य भाषाही असते आणि तिचा त्रास विशेषतः स्त्री खेळाडूंना सोसावा लागतो. परंतु धान्यातील खडे निवडावेत, त्याप्रमाणे हे दोष बाजूला काढले, तर उरते ते मोलाचे असते. खेळ आणि जुगार एक नव्हेत, केवळ स्वदेशी म्हणून माल खपत नाही, अधिक वेळ खेळणे म्हणजे आजार नव्हे आणि पैसे मोजणाऱ्याला हक्क असतात, या चारही गोष्टी खेळाडू सांगत होते. धोरण, बाजार, वैद्यक आणि कायदा त्यांच्यापर्यंत आपापल्या वाटेने पोहोचले किंवा पोहोचत आहेत. या वाटचालीत गेलेली वर्षे, बुडालेला पैसा आणि हुकलेल्या संधी यापुढे तरी वाचवावयाच्या असतील, तर खेळणाऱ्याला चर्चेच्या मेजावर बसविणे हिताचे ठरेल.